हलकं की जड? एका फ्लायव्हीलची गोष्ट

टीओएमच्या पेपरात फ्लायव्हीलचं गणित हमखास येतं. टर्निंग मोमेंट डायग्राम काढायची, फ्लक्चुएशन ऑफ एनर्जी शोधायची, शेवटी मास काढला की मार्क खिशात! एवढ्या भांडवलावर मी स्वतःला फ्लायव्हीलमधला तज्ज्ञ समजत होतो. मग दिवाळीत इंग्लंडहून आतेभावाचा फोन आला.

दादाने तिथे १९९१ ची माझ्दा एमएक्स-५ घेतली आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. ही पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. दादा म्हणाला, "क्लच स्लिप होतोय रे. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर फ्लायव्हीलचंही बघून घ्या. तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग कुठलं घेऊ?"

मी एका सेकंदात सांगून टाकलं, "स्पोर्ट्स कार आहे ना? मग सगळ्यात हलकं मिळेल ते घे. नाहीतर जुनंच लेथवर चढवून पातळ करून घे, पैसे वाचतील!"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. आमचे टर्निंग शॉपचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे बाळा, बिडाचं असतं ते. बीड वाकत नाही, फुटतं. भावाचे पाय कुठे असतात गाडीत, माहितेय ना?" माझी ऐट तिथेच उतरली. त्यानंतर दोन आठवडे जे वाचलं आणि जी आकडेमोड केली, ती मित्रांनो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी फ्लायव्हील नेमकं करतं काय ते बघू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनच पॉवर स्ट्रोक होतात. मधल्या वेळात क्रँक फिरता ठेवायला साठवलेली ऊर्जा लागते. रसवंतीचा हाताने फिरवायचा चरक आठवा. त्याचं मोठं चाक एकदा वेगात आलं की ऊस मध्ये अडला तरी चरक थांबत नाही. फ्लायव्हीलचं काम तेच. शिवाय क्लच डिस्क याच फ्लायव्हीलच्या तोंडावर दाबली जाते, म्हणजे क्लचचा अर्धा भाग फ्लायव्हीलच असतं. त्यामुळे दोघांची निवड एकत्रच करावी लागते.

आता हिशेब. धरून चला की जुनं फ्लायव्हील ९ किलोचं, नवं हलकं ५ किलोचं, आणि दोन्ही १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या सपाट चकत्या आहेत. ४ किलो कमी झाल्याने गाडीला किती फायदा? इथे एक गंमत आहे. फ्लायव्हील चाकांपेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतं, म्हणून त्याचा इनर्शिया गाडीला गिअर रेशोच्या वर्गाच्या पटीत जाणवतो. या गाडीचा पहिला गिअर ३.१३६ आणि डिफरन्शियलचा रेशो ४.३, म्हणजे एकूण साडेतेराच्या आसपास. टायरची त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटर. गणित केलं तर पहिल्या गिअरमध्ये ते ४ किलो गाडीतून ८५ किलो उतरवल्यासारखे जाणवतात. एक धष्टपुष्ट मित्र खाली उतरला म्हणा ना! पण पाचव्या गिअरमध्ये (रेशो ०.८१४) हाच फायदा जेमतेम ६ किलोंचा उरतो. आणि इंजिनची पॉवर? ती एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. इंजिन फक्त पटकन चढतं आणि पटकन उतरतं. रेस ट्रॅकवर सतत गिअर बदलणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे.

आता दुसरी बाजू. आयडलिंगला, समजा ८०० आरपीएमला, जड चाकात सुमारे ३१० ज्यूल ऊर्जा असते, हलक्यात १७०. सिग्नलला क्लच सोडताना गाडी हलवायला हीच शिल्लक कामी येते. शिल्लक कमी म्हणजे प्रत्येक वेळी जास्त अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा किंवा बंद पडायचं. चढावर तर विचारूच नका. आयडलिंगही थोडं थरथरतं. जुन्या बुलेटचं धीम्या लयीतलं आयडलिंग आपल्याला आवडतं ना? त्यामागे मोठा हात तिच्या जड फ्लायव्हीलचा आहे.

आता सरांच्या बिडाकडे येऊ. ७००० आरपीएमला या चाकाच्या काठाचा वेग सेकंदाला १०३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटर होतो! ९ किलोच्या चाकात तेव्हा साधारण २४ किलोज्यूल ऊर्जा असते. एक टनाची गाडी ताशी २५ किलोमीटरने पळते तेव्हा तिच्यात असते तेवढी. काठावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट तर ताण चौपट. कास्ट आयर्न ताणाला कच्चं, त्यात क्लचच्या उष्णतेने पृष्ठभागावर बारीक चिरा पडलेल्या. असं चाक मधूनच पातळ केलं आणि ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून बाहेर येऊ शकतात. आणि बेलहाउसिंग असतं ड्रायव्हरच्या पायांजवळ. हा सल्ला मी फोनवर हसत हसत दिला होता! हलकंच हवं असेल तर त्यासाठीच बनवलेलं फोर्ज्ड स्टीलचं, किंवा घर्षणाच्या जागी स्टीलची प्लेट असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील घ्यावं.

क्लचचंही तसंच आहे. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे पृष्ठभाग (इथे दोन), घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि सरासरी त्रिज्या. या १.६ च्या इंजिनाचा टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर, आणि कंपनीचा २०० मिलिमीटरचा क्लच तो आरामात पेलतो. टर्बो बसवून टॉर्क वाढवला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी त्रिज्या वाढवावी. नंतर आलेल्या १.८ लिटर मॉडेलचं फ्लायव्हील १.६ च्या क्रँकवर बसतं आणि त्यावर २१५ मिलिमीटरचा क्लच लागतो. नुसता प्रेशर प्लेटचा दाब वाढवला तर पेडल जड होतं आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो. पॅडल टाइपची रेसिंग डिस्क घेतली तर ती एकदम पकडते, ट्रॅफिकमध्ये गाडी बेडकासारखी उड्या मारते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून कुठेतरी स्प्रिंग लागतात. एमएक्स-५ मध्ये त्या क्लच डिस्कच्या मध्यभागी असतात. पण पोर्शच्या ९६४ पिढीच्या ९११ सारख्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, तिथे हे काम फ्लायव्हील करतं आणि डिस्क सरळ, बिनस्प्रिंगची असते. अशा गाडीत साधं फ्लायव्हील टाकून जुनीच डिस्क ठेवली तर धक्के सरळ गिअरबॉक्सला! म्हणून फ्लायव्हीलचा प्रकार बदलला तर डिस्कही बदला.

खरेदीआधी रोग नक्की तोच आहे का, हेही बघायला हवं. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. आरपीएम चढले पण वेग नाही, तर क्लच स्लिप होतोय. उलट पेडल दाबूनही गिअर पडत नसेल तर आधी हायड्रॉलिकचा स्लेव्ह सिलिंडर तपासायचा. तो या गाडीत बऱ्याचदा गळतो आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो.

दादाचा क्लच खरंच स्लिप होत होता. मग मी त्याला पुन्हा फोन केला आणि आधी स्वतःचा पहिला सल्ला मागे घेतला. नंतर विचारलं, "तू ही गाडी रेसला नेणार आहेस का?" तो म्हणाला, "छे रे! रोज ऑफिसला, आणि रविवारी तुझ्या वहिनीला शिकवायला." उत्तर तिथेच मिळालं. कंपनीच्या मापाचा क्लच सेट, नवं रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील. हे सगळं एकदमच, कारण गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम सोडवून तो खाली घेण्यातच खरी मजुरी जाते. फ्लायव्हील आधी चिरांसाठी तपासून घ्यायचं. चिरा निघाल्या तर नवं, नाहीतर कंपनीने दिलेल्या मर्यादेत तोंड ग्राइंड करून तेच परत.

चिरा निघाल्या नाहीत. जुनंच फ्लायव्हील परत बसलं आणि वहिनी आता चढावरही गाडी बंद न पाडता निघते म्हणे. पेपरात "मास काढा" एवढंच विचारतात. गाडी कोण चालवणार आणि कुठे, हा डेटा प्रश्नात दिलेला नसतो. तो आपणच विचारून घ्यायचा असतो, हे मला दादाच्या गाडीने शिकवलं.