तलवार प्रकाशाची, ढाल धुक्याची

सिनेमात लेसरची बंदूक रोखली, की समोरचा क्षणात राख होतो. मी कवितेचा माणूस. प्रकाशामुळे दिसावे, एवढेच त्याच्याकडून मागत आलो. पण त्याने जाळताही येते का, आणि किती?

थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवून दाखवला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पांगतो. लेसरचा एका रेषेत, फारसा न पसरता जातो. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळावा, तसेच हे काम. फक्त अंतर किलोमीटरचे.

हे जमते. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवले. ३० किलोवॅट म्हणजे दोन किलोवॅटचे पंधरा गीझर. एवढी उष्णता छोट्याशा ठिपक्यावर काही सेकंद पडली, तर ड्रोनचे पातळ कवच टिकत नाही. वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही, आणि क्षेपणास्त्राच्या किमतीपुढे एका माऱ्याचा खर्च किरकोळ.

मग अडते कुठे? पहिली अडचण हवेची. पाऊस, धुके, धूळ प्रकाशाला शोषतात, विखुरतात. स्वच्छ हवाही किरणाने तापते, विरळ होते आणि किरणाला फाकवते. म्हणून शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट होत नाही. दुसरी अडचण उष्णतेची. जेवढा प्रकाश हवा, त्याच्या साधारण तिप्पट वीज लागते. उरलेल्या विजेची यंत्रातच उष्णता होते आणि ती काढायला अवजड यंत्रणा लागते. तिसरी अडचण, किरण सरळच जातो. टेकडीआडचे लक्ष्य त्याला गाठता येत नाही. ड्रोनचा थवा आला, तर एकेकाला वेळ द्यावा लागतो.

अमेरिकेने बोइंग ७४७ विमानात मेगावॅट दर्जाचा लेसर बसवला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने उडते क्षेपणास्त्र नष्टही केले. पण पल्ला अपुरा. विमानाला शत्रूच्या हद्दीतच घिरट्या घालाव्या लागल्या असत्या. २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला.

माणसाचा डोळा मात्र ड्रोनच्या कवचाहून फार नाजूक. त्याला किलोवॅट लागत नाहीत. डोळ्याचे भिंगच किरण आतल्या पडद्यावर एकवटते. म्हणून १९९५ मध्ये व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी, कायमचे अंधत्व आणण्यासाठीच बनवलेल्या लेसरांवर बंदी घातली. शस्त्र रणांगणात रुळण्याआधी कायदा झाला, असे क्वचितच घडते. भारतही त्या करारात आहे. पण त्यात एक फट आहे. दुसरेच लक्ष्य जाळताना ओघाने कुणाची दृष्टी गेली, तर ते या बंदीत मोडत नाही. खबरदारी घ्या, एवढेच करार सांगतो.

ड्रोन कोसळल्याचे चित्र पाहून आपण टाळ्या वाजवतो. तेव्हा एक प्रश्नही विचारावा : नेम चुकला, तर तो किरण कुठे जातो? गोळी कुठेतरी जमिनीवर पडते. प्रकाश पडत नाही. वाटेत कोणी येईपर्यंत तो पुढे जातच राहतो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)