ठरवायचं कुणी?

मंडळी, पर्यावरणाची नीती हा आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचा प्रांत, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मार्च २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी गाडगीळ समिती नेमली गेली. आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्हे तिच्याकडे मुद्दाम सोपवले होते. माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. सोबत हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार, अर्थतज्ज्ञ लिजिया नोरोन्हा, निलगिरीचे वकील बी. जे. कृष्णन. तत्त्वज्ञ एकही नाही! (आम्हाला जरा लागलंच.) तरी नीतीचा खरा प्रश्न २०११च्या अहवालात त्यांनीच मांडला: सड्याचं, खाडीचं, डोंगराचं काय करायचं हे ठरवायचं कुणी? समितीचं म्हणणं, आम्ही आखलेल्या सीमाही अंतिम धरू नका, ग्रामसभांना विचारा. आम्हाला हे पटतं. पण उद्या ग्रामसभेनेच खाण मागितली तर? तिथे आम्ही अजून अडतो.