सराट्यांच्या रस्त्यावर ट्यूबलेस चाक

फजरनंतर वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला निघाले की पवनारच्या धाम नदीपर्यंत हल्ली सायकलवाले भेटतात. डॉक्टर, शिक्षक, कॉलेजातली मुले, आणि आपल्या मोहल्ल्यांतले तरुणही. सायकल बारीक टायरची, वाकड्या हँडलची. तिला रोड बाईक म्हणतात. सहा-आठ महिने ती चालवून झाली की घरात मागणी येते, ‘‘अब्बा, चाकं बदलायचीत. ट्यूबलेस टाकायचेत.’’ अब्बांचे अर्धे आयुष्य काळ्या, उंच सायकलवर गेलेले असते. चाक वाकडे झाले की आउट काढून आणायचा आणि ट्यूबला दहा ठिगळे झाली की नवी घ्यायची, एवढाच त्यांचा चाकांशी संबंध. नव्या चाकांचा आकडा ऐकून अम्मी विचारते, ही किंमत चाकांची की अख्ख्या सायकलची?

अम्मीचा प्रश्न रास्त आहे. चाकांवर घरचे बरेच पैसे जाऊ शकतात आणि त्यातले निम्मे दिखाव्यावर जातात. पण मुलाची मागणीही चुकीची नाही, कारण आपल्या जिल्ह्यात ट्यूबलेसला एक ठोस कारण आहे. ते म्हणजे काटे.

पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारा सराटा वाळतो. कोणी त्याला गोखरू म्हणतात. त्याच्या फळाची घडण अशी, की ते कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. शिवाय धुऱ्यावरच्या बाभळी आहेत, वेडी बाभूळ आहे. कुंपणासाठी तोडलेल्या काट्या बंडीतून नेताना चार-दोन डहाळ्या डांबरावर पडतातच. जाम आणि हिंगणघाटवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर काटे कमी, पण तिथे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी पोलादी तार पडलेली असते. ती टायरमध्ये शिरली की बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे, तेव्हा आपल्याला हेच रस्ते. ट्यूब असलेल्या टायरने हिवाळ्यात आर्वी किंवा देवळीकडे गेलेल्या माणसाला एका सकाळी दोनदा ट्यूब बदलावी लागली, तर त्यात नवल नाही.

घरातल्या स्कूटरचा टायर बहुधा ट्यूबलेसच असतो, त्यामुळे शब्द ओळखीचा आहे. सायकलचे प्रकरण मात्र थोडे वेगळे. स्कूटरचा टायर जाड रबराचा, हवा तीस पीएसआयच्या आसपास. काटा गेला तरी हवा हळूहळू उतरते. रोड बाईकचा टायर पातळ आणि हवा त्याच्या दुप्पट. म्हणून त्यात पातळ, दुधासारखे लॅटेक्सचे द्रव भरतात, ज्याला सीलंट म्हणतात. चाक फिरताना ते आतून सगळीकडे पसरते. भोक पडले की हवेबरोबर तिथे धावते, गोठते आणि भोक बुजते. सराट्याचे भोक इतके लहान असते, की बहुतेक वेळा स्वाराला कळतही नाही. घरी येऊन टायर पुसताना पांढरे ठिपके दिसतात, तेव्हा समजते.

दुकानदार सहसा न सांगणारी एक गोष्ट इथे आहे. हवा जितकी जास्त, तितके सीलंटला भोक बुजवणे अवघड. नव्वद पीएसआयवर ते पिचकारीसारखे बाहेर उडते, साठ-पासष्टवर मुकाट्याने गोठते. म्हणजे ट्यूबलेसचा खरा फायदा हवा असेल तर टायर रुंद हवा, म्हणजे हवा कमी ठेवता येते. पूर्वी रोड बाईकला २३ मिलिमीटरचा टायर म्हणजे वेगाची खूण मानत. आता शर्यतीतले स्वारही २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. आपल्या खडबडीत रस्त्यांना २८ हा किमान समजावा, सायकलमध्ये मावत असेल तर ३० किंवा ३२. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये साधारण ६५ ते ७० पीएसआय पुरते, पन्नास किलोच्या मुलीला पन्नास-पंचावन्न. बत्तीसचा टायर घेतला तर त्याहून दहा कमी. टायर दगडासारखा कडक झाला म्हणजे सायकल पळते, ही समजूत डोक्यातून काढून टाकलेली बरी. खराब रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो, आणि त्या उड्यांत स्वाराचीच ताकद जाते.

आधी माप, मग मॉडेल

आपल्या जुन्या काळ्या सायकलचा २८ बाय दीड इंचाचा टायर आणि रोड बाईकचा ७०० सी टायर लांबून सारखेच दिसतात. पण पहिला ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ६२२ च्या. तेरा मिलिमीटरचा फरक आहे, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला कधीच चालत नाही. टायरच्या बाजूला २८-६२२ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. घेताना तेच वाचावे.

रिमचे दुसरे माप म्हणजे आतली रुंदी. जुन्या रोड बाईकच्या रिम आतून १३ ते १५ मिलिमीटर असत, हल्लीच्या १९, २१, २३ किंवा त्याहूनही जास्त. २८ किंवा ३० च्या टायरला १९ ते २१ ची रिम छान जमते. मात्र रुंद रिमवर टायर फुगतो. २८ छापलेला टायर २९-३० भरू शकतो. म्हणून ब्रेकखाली आणि फ्रेमच्या दांड्यांमध्ये किती जागा आहे ते आधी मोजावे. टायर बसल्यावर चारी बाजूंनी चार मिलिमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात आपली काळी माती तिथे अडकून चाकच थांबते. जुन्या रिम-ब्रेकच्या सायकलींत कित्येकदा २५ च्या पुढे जागाच नसते. अशा सायकलला ट्यूबलेसचा हट्ट धरू नये. पंक्चररोधक पट्टा असलेला चांगला टायर आणि चांगली ट्यूब घालावी, तेवढ्यावर भागते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे, तिथे मी कंजुषी चालवून घेणार नाही. रिम आणि टायर दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’ असल्याची खात्री हवी. अशा टायरची कड ताणली न जाणाऱ्या धाग्याची असते आणि रिमच्या आत तिला अडकायला खाच असते. साध्या टायरमध्ये सीलंट ओतून जुगाड करणारे असतात. वेगात पुढचा टायर रिमवरून निघाला आणि मागून ट्रक येत असेल, तर वाचवलेल्या पैशांचा काय उपयोग?

यातच आणखी एक पोटप्रकार आहे. काही नव्या रिमच्या काठाला आत वळलेली कड नसते, काठ सरळ असतो. त्यांना हुकलेस म्हणतात. त्यांत ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयपेक्षा जास्त हवा भरायची नसते आणि कंपनीने मान्य केलेलेच टायर घालायचे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत थॉमस डी गेंट या बेल्जियन स्वाराचा पुढचा टायर अशाच रिमवरून निघून तो पडला, तेव्हा सायकलजगतात या रिमांवर मोठा वाद झाला. चूक कोणाची हा वाद तज्ज्ञांचा. आपल्यापुरते इतके पुरे, की गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा काटा नेमका नसतो, पाच-दहा पीएसआय कुठेही सरकतो. जिथे कमाल मर्यादा इतकी जवळ आहे, तिथे असा काटा भरवशाचा नाही. कड असलेली रिमच घ्यावी.

बाकी जुळणी पटकन सांगते. डिस्क ब्रेकची चाके रिम-ब्रेकच्या सायकलला चालत नाहीत. मागचा अॅक्सल १३० मिलिमीटरचा क्विक रिलीज आहे की १४२ चा थ्रू-अॅक्सल, ते पाहावे. शिमानोच्या ११ स्पीडच्या हबवर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट एक वॉशर घालून बसते; उलटे होत नाही.

कार्बनचा मोह

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याच वर्षी लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. विदर्भातल्या मुलांनी त्यांच्याकडे पाहून सायकल हाती घेतली, तर आनंदच आहे. पण मुले फोटोतली चाके पाहतात, मागे चालणारी गाडी पाहत नाहीत. त्या शर्यतीत स्वाराच्या मागे सुटी चाके आणि माणसे घेऊन गाडी असते. समुद्रपूरहून ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्याच्या गिरडकडे एकट्याने निघालेल्या मुलामागे कोणी नसते. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये तर नियमच आहे, की साडेतेरा तासांत अंतर कापायचे आणि वाटेतली दुरुस्ती आपली आपण करायची.

म्हणून चाक निवडताना ‘किती हलके’ याच्या आधी ‘तार तुटली तर कुठे मिळेल’ हे विचारावे. साध्या वाकड्या मानेच्या गोल तारा, प्रत्येक चाकाला २८, मागे वजनदार स्वाराला ३२, अॅल्युमिनियमची रिम. असे चाक कोणताही जाणता कारागीर सरळ करतो. कंपनीच्या खास चपट्या, सरळ तारा सुंदर दिसतात. पण एक तुटली की पुण्या-मुंबईहून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी. हबमध्ये सीलबंद बेअरिंग असावे आणि त्यावरचा नंबर, समजा ६९०२, बाजारातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळणारा असावा.

उंच कार्बन रिमचा वाऱ्यातला फायदा ताशी पस्तीसच्या पुढे जाणवतो. आपली मुले पंचवीस-सव्वीसने जातात, आणि ट्रक ओलांडताना बसणाऱ्या वाऱ्याच्या फटक्याने उंच रिम मात्र आजच हलते. याउलट साधा जड टायर काढून चांगला लवचिक टायर घातला, तर दोन टायर मिळून दहा-वीस वॅट वाचतात. सामान्य स्वाराच्या पायांना हा फार मोठा दिलासा आहे. तेव्हा पहिले पैसे टायरला द्यावे. सायकलची मूळ रिम ट्यूबलेस रेडी असेल तर चाके बदलायचीच कशाला? टेप, व्हॉल्व्ह, सीलंट आणि दोन टायर, एवढ्यात काम होते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या निनावी कार्बन चाकांवर कमाल हवा आणि कमाल वजन छापलेले नसेल, तर ती घरात आणू नयेत.

उन्हाळा आणि देखभाल

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पहाटे २५ अंशांत भरलेली ८० पीएसआय हवा ४५ अंशांत सुमारे ८६ होते. म्हणून उन्हाळ्यात चार-पाच पीएसआय कमीच भरावी आणि सायकल पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये. त्याच उन्हाने सीलंट वाळते. डब्यावर सहा महिने लिहिलेले असले तरी इकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत टायर उघडला, तर आत रबराच्या सायीसारखे पापुद्रे सापडतात. महिन्याला एकदा व्हॉल्व्हचा गाभा काढून आत प्लॅस्टिकची बारीक पट्टी घालून पाहावी. कोरडी निघाली तर सीलंट भरावे. रोड टायरला एका वेळी तीस ते पन्नास मिलिलिटर पुरते. मोटारसायकलचे घट्ट जेल यात ओतू नये. रमजानमध्ये महिनाभर सायकल उभी राहणार असेल, तर चार-पाच दिवसांनी हवा पाहून चाके हाताने फिरवावीत, नाहीतर सगळे सीलंट तळाशी जमते. ज्याच्याकडून हे होणार नाही, जो पंधरा दिवसांतून एकदा चालवतो, त्याने ट्यूबच ठेवावी. ट्यूब विसरली तरी चालते. ट्यूबलेसला तसे विसरून चालत नाही.

आणि ट्यूबलेस घेतले तरी खिशात एक ट्यूब हवीच. काचेने टायर चिरला तर सीलंट हरते. मग रबराची वात खोचून पाहायची, नाहीच जमले तर ट्यूब घालायची. ती घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. महिनोन्‌महिने सीलंटने निमूट बुजवलेले आठ-दहा सराटे आत टोक काढून बसलेले असतात. ते न काढता घातलेली ट्यूब शंभर मीटरही टिकत नाही. व्हॉल्व्हची चकती पकडीने कसू नये, हाताने कसावी; रस्त्यावर ती उघडायला तुमच्याकडे पकड नसेल.

राहिला प्रश्न हे बसवून कोण देणार. आपल्या कितीतरी घरांची चूल पंक्चरच्या दुकानावर पेटली आहे, आणि या कामाला हसणारेही कमी नाहीत. पण ज्या हाताला चाकाचा आउट काढता येतो, त्याला ट्यूबलेस शिकायला एक दुपार पुरते. कॉम्प्रेसर दुकानात असतोच. लागते ती बारीक व्हॉल्व्हला बसणारी पितळी टोपी, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप, गाभा काढायचा छोटा पान्हा, आणि टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत बसवण्याचा सराव. मोटारसायकलसाठीची जाड वात आणि कानस मात्र सायकलच्या टायरला लावायची नाही. भोक मोठे होते. बजाज चौकापासून हिंगणघाटपर्यंत या सायकलींना आज नागपूरचा रस्ता धरावा लागत असेल, तर ते गिऱ्हाईक गावातच राहू शकते. पहिले चाक ओळखीच्या दुकानातच बसवून घ्या, मुलाला शेजारी उभे करून शिकू द्या. आणि मजुरी ठरवताना एका ठिगळाचा दर लावू नका. दोन चाकांना चांगला तासभर जातो.