आधी फाइल, मग स्क्रू

"हाडांचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?" मुंबईच्या दंत महाविद्यालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न हा होता. तोंड उघडायला त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं. मुरूड तालुक्यातली ती तिशीतली मुलगी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "सलाईनमधनं देतात ते?" आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल काढली. डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून वाचली. मी शेजारीण म्हणून सोबत गेले होते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया त्या फाइलवर आहे, हे मला तिथेच उमगलं.

हिच्या आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हाडाला चिवटपणा देणारं टाइप १ कोलॅजेन जन्मतःच सदोष किंवा कमी असतं. हाडं साध्या धक्क्यानेही मोडतात, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. काहींच्या दातातला डेंटीनचा थरही कच्चा असतो. दात पिवळट-तपकिरी होतात, झिजतात, तुटतात. हिच्या खालच्या दोन दाढा अशाच गेल्या होत्या; त्यांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू, बसवायचे होते. अलिबाग-वडखळच्या रस्त्यावरचे दणके हिला परवडत नाहीत, म्हणून आम्ही काशीद, रेवदंडा, चौल करत मांडव्याला येतो आणि रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरतो.

त्या इंजेक्शनाचं महत्त्व असं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडसारखी औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, त्यामुळे हाडं टिकतात. पण दात काढल्यावर किंवा स्क्रू बसवल्यावर जबडा भरून यायला त्याच पेशी लागतात. 2003 पासून या औषधांनंतर जबड्याचं हाड उघडं पडून मरत असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. त्यातले बहुतेक कॅन्सरचे, मोठी मात्रा घेतलेले रुग्ण होते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका बराच कमी असतो, तरी कुठलं औषध, किती वर्षं, शेवटचं कधी, हे कळल्याशिवाय शहाणा डॉक्टर ड्रिल हातात घेत नाही. म्हणून मला वाटतं, किनाऱ्यावरच्या प्रत्येक आरोग्य केंद्राने अशा घरांना सांगायला हवं: पावसात कौलं गळाली तरी चालतील, फाइल भिजता कामा नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला काचेपलीकडून बघू दिलं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधताना नर्सने तो अगदी हलका फुगवला; या आजारात तेवढ्या दाबानेही हाड मोडू शकतं. मानेखाली उशी दिली, डोकं मागे वाकवलं नाही. भूल दिल्यावर एक सहायक डॉक्टर सबंध वेळ तळहाताने खालचा जबडा तोलून धरून उभे होते. ड्रिल फिरत असताना वरून थंड सलाईनची धार चालूच, कारण हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याच्या पेशी मरू लागतात. सीटी स्कॅनमध्ये हाड विरळ दिसलं होतं, म्हणून भोक मुद्दाम स्क्रूपेक्षा बरंच अरुंद पाडलं. एरवी स्क्रू 35 न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास घट्ट बसला की डॉक्टर निश्चिंत होतात. इथे मोटरच्या पडद्यावर आकडा 20 वर अडखळला. डॉक्टर मॅडमनी जोर लावला नाही. झाकण बसवलं, हिरडी वर ओढून टाके घातले. "हा पुरून ठेवू. तीन नाही, सहा महिने थांबायचं, काकू," एवढंच त्या आईला म्हणाल्या.

टायटॅनियमचा पहिला असा इम्प्लांट स्वीडनमधल्या गोथेनबर्गला 1965 साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी बसवला. तो रुग्णही जन्मतःच जबड्यात दोष असलेला होता आणि पुढची चाळीस वर्षं त्या दातांनी जेवला. पण प्रत्येक आनुवंशिक आजारात हे जमत नाही. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये हाड झिजवणाऱ्या पेशी मुळात कामच करत नाहीत. एक्स-रेत हाड संगमरवरासारखं पांढरंशुभ्र, पण आत रक्तपुरवठा तुटपुंजा. नुसता दात काढला तरी जखम महिनोन्महिने चिघळू शकते. अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा इम्प्लांट नाकारतात आणि कवळी सुचवतात. इम्प्लांट परवडत नाही म्हणून मिळालेला आणि तो बसवू नये म्हणून मिळालेला नकार, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा नकार देणाऱ्याचे आभार मानावेत.

हिचे पुरलेले स्क्रू दिवाळीनंतर उघडले. हाड स्क्रूला धरून आलं होतं. कॅप बसवताना डॉक्टरांनी चावण्याची उंची किंचित कमी ठेवली, भार बेताचा पडावा म्हणून. आता कॅपखालून रोज बारीक ब्रश फिरवायचा आणि दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा. फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि खाली लिहिलं: मुरूडला किंवा कुठेही दात काढायची वेळ आली, तर आधी फोन करा.