नेत्रतपासणी शिबिरे आणि फेरतपासणीचा प्रश्न

14 एप्रिलच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांतून नेत्रतपासणीची शिबिरे भरतात. हे चांगलेच आहे. परंतु शिबिरानंतरच्या सहा महिन्यांचा हिशेब आपण कार्यकर्ते क्वचितच मांडतो. किती डोळे तपासले, किती चष्मे वाटले, हे अहवालात येते. ज्यांना चिठ्ठी देऊन 'जिल्ह्याला जा' म्हटले त्यांतले किती पोहोचले, हे येत नाही.

आमच्या घरात कागद वाचणारा मीच पहिला. त्यामुळे वस्तीतल्या अशा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला, आणि मोतीबिंदू मोजायला सोपा. शस्त्रक्रिया झाली की आकडा भरला. वास्तविक शस्त्रक्रिया हा अर्धा उपचार. त्यानंतर महिना-दीड महिना थेंब घालायचे, डोळा स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर काढायचा. सुरुवातीच्या दिवसांत डोळा दुखला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जंतुसंसर्ग असेल तर विलंबाने डोळा जातो. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो आणि लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. हे कोणी सांगत नाही, म्हणून माणसे नशिबाला दोष देत बसतात.

काचबिंदूचे अधिक कठीण. येथे गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली राखण्यासाठी, आणि बहुधा जन्मभर. शेजारच्या एक मावशी मला म्हणाल्या, "सर, दोन बाटल्या संपल्या, फरक तर काहीच न्हाई. मंग कशाला पैसे घालू?" यात अडाणीपणा कोठे आहे? ज्या औषधाने काही सुधारलेले दिसत नाही ते का घ्यावे, हे त्यांना समजावलेच नव्हते. त्यात ऊसतोडीचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड कारखान्यावर जाते, ते उन्हाळ्याच्या तोंडी परतते. फोडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची. मग मधले महिने थेंब कोठून आणायचे, कोणत्या चिठ्ठीवर?

रुग्णालयाच्या कागदावर अशा माणसापुढे 'आला नाही' एवढेच लिहिले जाते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. खाडा निःशुल्क झालेला नाही. म्हातारीबरोबर जाणाऱ्या मुलाचीही मजुरी बुडते.

माझ्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले एक वही ठेवतात: काय निघाले, पुढची तारीख कोणती, सोबत कोण जाणार. तारखेच्या आठवडाभर आधी एकजण घरी जाऊन येतो. ऊसतोड्यांची फेरतपासणी बिऱ्हाड हलण्याआधी करून घेतात आणि औषधाचे नाव, थेंबांच्या वेळा लिहिलेला कागद बरोबर देतात. मधुमेहींना, नजर चांगली असली तरी, वर्षातून एकदा पडदा तपासायला पाठवतात. खर्च म्हणाल तर वहीचा आणि सायकलचा.

पुढच्या जयंतीला पाहुण्यांच्या सत्काराआधी, कोणाचे नाव न घेता, या वहीतला हिशेब वाचून दाखवावा असा माझा आग्रह आहे. पोहोचले किती, राहिले किती, एवढेच. उत्सव समितीत त्याला अजून विरोध आहे.