कंसातले आकडे

जिल्हा निवड चाचणी असली की मैदानाकडेच्या कडुनिंबाखाली कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. निवृत्त क्रीडाशिक्षक खुर्चीवर, जुने खेळाडू कट्ट्यावर आणि ज्यांचं पोरगं आत खेळतंय ते बाप उभे. सकाळी मैदानावर पाणी मारून झालेलं असतं, फक्कीच्या रेषा ताज्या असतात. सोलापूरचं ऊन नऊ वाजताच चटके द्यायला लागतं, पण सावली धरून बसलेल्यांना त्याची फिकीर नसते. पहिली शिट्टी व्हायच्या आधीच वाद रंगात आलेला असतो. यंदा राज्य स्पर्धेला जिल्ह्याच्या संघात कोण जाणार, कोण राहणार.

"त्याला घ्यायलाच पाहिजे. परवा दोन मिनिटं दहा सेकंद पळाला बे."

"कुणासमोर पळाला ते बघ की. समोरच्यांत एकाला धड सूर मारता येत नव्हता."

खो-खोच्या बातमीत प्रत्येक नावापुढे एक कंस असतो. (२.१० मि. संरक्षण व ३ गडी) असा. बाकीचे वाचक कोण जिंकलं ते बघून पान उलटतात. सोलापूर, धाराशिव, सांगली या पट्ट्यातला खो-खोवाला मात्र आधी कंस वाचतो. त्या कंसावरून भांडणं होतात, संघ ठरतात, आणि एखाद्या पोराला पुढे खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी मिळेल की नाही याचा अंदाजही बांधला जातो. मी अशा चाचण्यांना कडुनिंबाखाली बसून बरंच ऐकलं आहे, आणि माझं मत असं झालं आहे की कट्ट्यावरची माणसं खेळ फार बारकाईने बघतात, पण त्यांनी बघितलेलं कागदावर कुठेच उतरत नाही.

वाद नीट कळायला संघ कसा बांधतात ते बघावं लागतं. पुरुषांच्या खेळात नऊ मिनिटं आक्रमण आणि नऊ मिनिटं संरक्षण. आक्रमणाला आठ जण पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा बदलता येत नाही. त्याला वळायचं असेल तर खांबच गाठावा लागतो. संरक्षणाला तिघांची तुकडी आत येते, तिसरा बाद झाला की लगेच पुढची. म्हणजे संघात खांबाजवळ बसायला लांब हाताचे दोघं तरी हवेत. मधल्या पाटीवर पटकन उठणारे हवेत. पहिल्या तुकडीत थंड डोक्याचा एक जण हवा, कारण आक्रमणाची ताजी ताकद तोच झेलणार. शेवटच्या तुकडीला घड्याळाची जाण हवी. पंधरा नावांत हे सगळं बसवायचं, तर नुसते सर्वांत जास्त मिनिटंवाले पंधरा उचलून भागत नाही.

कट्ट्यावरच्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. एकाला उत्तम खेळाडू हवे असतात, दुसऱ्याला संघाची गरज भागवणारे. "तीन-तीन साखळीवाले घेऊन काय करता? रिंगवर फिरणारा एकही नाही," असं कोणी म्हणालं की दहा मिनिटं तरी गेली समजायची. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी निघत राहणं ही साखळी. खांबाच्या एका अंगाला गोल फिरत आक्रमकाला दमवणं ही रिंग. साखळीवाला डोळ्यांत भरतो. रिंगवाला तितका दिसत नाही, पण दमलेल्या आक्रमणाला तो आणखी दमवतो आणि मागून येणाऱ्या तुकडीला त्याचा फायदा होतो. पुन्हा तिघांतला सगळ्यांत चांगला पळणारा शेवटी गाठायचा हा आक्रमणाचा जुना डाव आहे. त्यामुळे एखाद्याच्या कंसातली मिनिटं त्याच्या पायांची असतात, तर एखाद्याची मिनिटं त्याच्या मागे कोणी लागलंच नाही म्हणून साठलेली असतात. दोघांचे कंस मात्र सारखेच दिसतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या एका सरांच्या मांडीवर दोनशे पानी वही असते. ते तीत काय लिहितात हे मी एका मुलींच्या सामन्यात लक्ष देऊन पाहिलं. संरक्षण करणारी मुलगी साखळीने खांबाकडे निघाली होती. मागे लागलेली मुलगी तिच्यापेक्षा हळू होती, तिला ती सापडणारच नव्हती. पण तिने धावणं लांबवलं नाही. समोरची एका फटीतून पलीकडे शिरतेय असं दिसताच तिने दोन पाट्या सोडून पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून खो दिला. खो मिळालेली, खांबाजवळ बसलेली उंच मुलगी उठली ती थेट संरक्षकाच्या वाटेत. आता मागे फिरायला जागा नाही, पुढे फक्त खांब. दोन पावलांवर त्या उंच मुलीने एका हाताने खांबाला मिठी घातली, अंग झोकून दिलं आणि पलीकडे वळणाऱ्या पायाला बोटं लागली. शिट्टी. टाळ्या. गुणपत्रकावर खांबावरच्या मुलीच्या नावे एक गडी.

सरांनी मात्र वहीत पहिल्या मुलीच्या आकड्यापुढे फुली मारली. "गडी हिनं मारला," म्हणाले. "त्या खांबावरच्या पोरीनं फक्त हात लावला."

मी त्यांच्या वहीची मागची पानं मागून घेतली. फुल्यांच्या रांगाच्या रांगा. काही मुलींपुढे गुणपत्रकात दोन दिवसांत एखादाच गडी होता आणि वहीत ओळभर फुल्या. सर म्हणाले, अशी खेळाडू संघात नसली तर खांबावरचे हात रिकामेच राहतात. त्यांना आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे उठणं. खो कानावर पडायच्या आत ढुंगण उचललं की शिट्टी झालीच, आणि त्या गोंधळात तीन-चार सेकंद गेले. खो पडल्यावर अर्धा क्षण उशिरा उठलं तर समोरचा फटीतून निसटला. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे तिथे उठणारी मुलगी कुठल्याच कंसात येत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले. तेव्हापासून मैदान, वेळ, गडी सगळं बदलत आलं, पण गडी कोणाच्या नावे लिहायचा हे बदललं नाही.

२०२२ मध्ये 'अल्टिमेट खो-खो' लीग आली आणि कट्ट्यावरचं भांडण टीव्हीवर पोचलं. सहा संघ: चेन्नई क्विक गन्स, गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स आणि तेलुगू योद्धाज. पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला झाला. क्रिकेटसारखी बोली इथे नव्हती, ड्राफ्ट होता. खेळाडूंचे गट आधीच पाडलेले, प्रत्येक गटाचं मानधन ठरलेलं, आणि संघांनी पाळीपाळीने नावं उचलायची. अमेरिकेत एनएफएल १९३६ पासून असाच ड्राफ्ट करते. तिथे आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते आणि तिथले प्रेक्षक महिनोन्महिने त्यावर वाद घालतात: चांगला खेळाडू दिसतोय म्हणून उचलायचा की आपल्याकडे जी जागा रिकामी आहे ती भरायची. बोलीत पैसा बोलतो आणि चर्चा पैशावरच थांबते. ड्राफ्टमध्ये एकाला घेतलं म्हणजे दुसऱ्याला सोडलं, आणि सोडलेला पुढच्याने उचलला, हे उघड्यावर होतं. म्हणून ड्राफ्टचा वाद खेळाच्या जास्त जवळ राहतो. कडुनिंबाखालच्या मंडळींना तो लगेच उमगला, कारण जिल्ह्याचा संघ निवडताना ते वर्षानुवर्षं हेच करत आले होते.

सोलापूरला आणखी एक कारण होतं. माळशिरस तालुक्यातलं वेळापूर, अर्धनारी नटेश्वराच्या देवळाचं गाव. तिथला रामजी कश्यप चेन्नईकडे गेला. मुंबईचा संघ असताना सोलापूरची खो-खोवाली माणसं चेन्नईचे सामने बघायला लागली ती त्याच्यामुळे. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तेव्हा रामजीने सुरुवातीलाच सूर मारून नेपाळच्या सूरज पुजाराला टिपलं. प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली भारताने तो सामना ५४-३६ असा जिंकला. त्या सुराचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो. मातीत सूर मारून ज्याचे कोपर-गुडघे सोलले त्याला मॅट म्हणजे गादीच वाटत असणार.

लीगने खेळ बदलला, आणि निवडीचे वादही. मैदान आखूड झालं, आक्रमणाला सात जण, पाळी सात मिनिटांची. साध्या स्पर्शाने बाद केलं तर दोन गुण; सूर मारून किंवा खांबावरून टिपलं तर तीन. वजीर नावाचा गडी आला, ज्याला दिशेचं बंधन नाही. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा तेलुगू संघाच्या मागे होता. शेवटच्या काही सेकंदांत सूरज लांडेने सूर मारला, तीन गुण मिळाले आणि ओडिशाने ४६-४५ असा विजय मिळवला. ज्यांनी तो सामना बघितला ते अजून त्या सुरावर बोलतात. पण तेव्हापासून कट्ट्यावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, आता पोरांना सूरच शिकवा, निवडणारे तेच बघतात. दुसरा म्हणतो, दुसऱ्या हंगामात सोळा-सतरा वर्षांची पोरं उचलली ती सूर बघूनच, पण त्यांना तीन मिनिटं मैदानावर टिकायला कोण शिकवणार?

मला दुसऱ्या तटाचं जास्त पटतं. सूर वर्षभराच्या सरावाने बसतो. समोरच्याच्या खांद्याकडे बघून त्याचा पुढचा खो कुठे पडणार हे ओळखायला मात्र बरीच वर्षं मातीत जावी लागतात. दुसरं म्हणजे लीगमध्ये कॅमेरा असतो. खो कोणी दिला, कधी दिला, हे परत परत दाखवता येतं. तिथे गुणपत्रकाने एखाद्यावर अन्याय केला तरी बघणाऱ्याच्या डोळ्यातून तो सुटत नाही. जिल्ह्याच्या मातीत कागद हाच एक साक्षीदार.

मुलींच्या बाबतीत तर कागदापलीकडे काहीच नाही. लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. दिल्लीच्या विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांपेक्षा कितीतरी मोठ्या फरकाने. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढं असून कुठल्याही ड्राफ्टच्या यादीत एका मुलीचं नाव नव्हतं. आपल्याकडच्या मुली सकाळी सहाला मैदानावर येतात, आठला शाळेत, संध्याकाळी परत मैदानावर. दहावीनंतर यातल्या कितीजणी टिकतात हे बहुतेक वेळा एका यादीवर ठरतं. राज्याच्या संघात नाव आलं तर घरचे आणखी एक वर्ष थांबतात. नाही आलं तर "बास झालं आता."

म्हणून मला निवड समितीकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती खर्चाची नाही. गुणपत्रकावर आणखी एक रकाना पाडा. गडी बाद झाला की कोणी स्पर्श केला ते लिहिता, तसंच त्याआधीचा खो कोणी दिला त्याचा छातीक्रमांकही लिहा. गुणलेखक तिथेच बसलेला असतो, पेन हातात असतं. दोन अंकी आकडा लिहायला दोन सेकंद लागत नाहीत. बातमीत कंस छापताना (१.१० मि. संरक्षण, १ गडी व ६ खो) असं आलं तर रेल्वेचा किंवा विमानतळ प्राधिकरणाचा निवडकर्ता ते नाव दुसऱ्यांदा वाचेल. सरांनी ही मागणी एका बैठकीत मांडली होती, तेव्हा कोणीतरी म्हणालं, कुठला खो मोलाचा हे ठरवणार कोण? सरांनी वही उघडून पुढे सरकवली. ठरवायचं काहीच नाही, म्हणाले, शेवटचा खो कोणी दिला एवढंच लिहा, मोल आम्ही कट्ट्यावर ठरवू.

त्या दिवशी खो देणाऱ्या मुलीचं नाव यादीत राखीव म्हणून आलं. खांबावरची मुलगी पहिल्या नवात. यादी वाचून झाल्यावर कट्ट्यावर पुन्हा आवाज चढले, आणि या वेळी सर खुर्चीतून उठून समितीच्या टेबलाकडे निघाले, वही काखेत धरून.