प्रौढ मतिमंदांच्या मनाचे दुखणे

मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सर्वांस ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. व्यवहारात तसे आढळत नाही. बुद्धीची वाढ जन्मतः अगर बालपणी खुंटणे ही एक अवस्था आहे. कायद्यात तिला आता ‘बौद्धिक दिव्यांगता’ म्हणतात. खिन्नता, भयगंड, भ्रम हे आजार आहेत, आणि ते या माणसांसही जडतात. ग्लासगो शहरातील १०२३ बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शेकडा सुमारे चाळीस जणांस मनाचा काही आजार अगर वर्तनाची अडचण असल्याचे आढळले.

असे असता यांच्यापर्यंत मानसोपचार का पोहोचत नाहीत? पैशाची अडचण असतेच. पण त्याआधी आड येते ते ‘तो आहेच तसा’ हे वाक्य. चाळिशीचा मुलगा जेवेनासा झाला, रात्री जागू लागला, अंगावर धावून येऊ लागला, की घरची माणसे आणि पुष्कळदा डॉक्टरही सारा दोष मतिमंदत्वाच्या माथी मारतात. अमेरिकेत स्टीव्हन रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मानसशास्त्रज्ञांपुढे एका भयग्रस्त माणसाची हकीकत ठेवली. काहींना तो मतिमंद असल्याचे सांगितले, काहींना नाही. ज्यांना तसे सांगितले, त्यांना तीच भीती कमी महत्त्वाची वाटली. तज्ज्ञांची ही गत, तर आपणा संसारी माणसांस काय बोल लावावा!

सर्वांत अधिक हेळसांड होते ती शोकाची. आई वारली की अशा मुलास ‘आई गावाला गेली’ असे सांगून मावशीकडे धाडतात आणि तेरावे उरकल्यावर परत आणतात. हेतू मायेचाच असतो. तो मात्र रोज दाराकडे डोळे लावून बसतो. पुढे कित्येक महिन्यांनी आदळआपट सुरू होते, तेव्हा तिचा संबंध त्या मृत्यूशी कोणी जोडीत नाही. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आई अगर वडील गमावलेल्या पन्नास प्रौढांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यातही सांभाळणाऱ्यांच्या ध्यानी हा संबंध आलेला नव्हता. अशा माणसास अंत्यदर्शन घेऊ द्यावे, दिवसकार्यात त्याच्या हातून एखादे काम करवून घ्यावे आणि ‘आई वारली, ती आता परत येणार नाही’ असे स्वच्छ सांगावे. ‘झोपली आहे’ म्हटले तर तो तिच्या उठण्याची वाट पाहील. चाळिशी उलटली तरी घरात तो ‘बाळ’च असतो; म्हणून दुःखही त्याला बाळाएवढेच होत असेल, अशी आपली समजूत असते.

मानसोपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. संभाषणातून करावयाचे उपचारही येथे चालतात. त्यांना थोडे वळण द्यावे लागते, इतकेच. बैठक लहान ठेवावी, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, चित्रांचा आधार घ्यावा, शिकविलेले पुन्हा पुन्हा घोटावे. इंग्लंडमध्ये २०१६ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत, सौम्य मतिमंदत्व असणाऱ्यांच्या खिन्नतेवर विचार व वर्तन यांना वळण लावणारी अशी उपचारपद्धती सुचविलेली आहे.

आपणां हैदराबादकरांपुढे आणखी एक अडचण आहे. घरात मराठी, बाजारात दखनी अगर तेलुगू, दवाखान्यात पुष्कळदा इंग्रजी! मतिमंद प्रौढास बहुधा घरचीच भाषा नीट उमगते. मग बहीण दुभाषी होते आणि नकळत भावाच्या वतीने स्वतःच उत्तरे देऊ लागते. तिने त्याचेच शब्द, तुटक असले तरी, तसेच पोहोचवावेत. हॉलिन्सबाईंनी १९८९ पासून शब्दांवाचून केवळ चित्रांनी गोष्ट सांगणारी पुस्तके काढली आहेत. तशी चित्रे जवळ असली तर दुभाष्याचे ओझे पुष्कळ हलके होईल.

वागणे एकाएकी बदलले तर आधी शरीर तपासून घ्यावे. दात, कान, बद्धकोष्ठ यांचे दुखणे ज्याला सांगता येत नाही तोही आदळआपट करतो. डाउन सिंड्रोम असल्यास थायरॉईडची तपासणी विसरू नये. झोप, भूक, आवडीची कामे यांची नोंद एका वहीत तारीखवार ठेवावी. बदल केव्हा सुरू झाला, हे तीवरूनच कळते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम मतिमंदत्वाला मनोविकार मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यावर बोट ठेवून कोणी ‘हा आमच्याकडचा रुग्ण नव्हे’ म्हणू लागल्यास ऐकून घेऊ नये. मतिमंदास जडलेला मनोविकार हा मनोविकारच होय, आणि शासकीय सेवेचा हक्क कलम १८ ने त्यालाही दिला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ साली स्थापन झालेली बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था तर आपल्या शहरातच आहे. कोठे जावे हे सुचत नसल्यास २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तज्ज्ञाकडे जाताना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, चालू औषधांची चिठ्ठी आणि ती नोंदवही बरोबर न्यावी.